विश्लेषण : चालकच नसलेली मोटार पादचाऱ्याला ‘तुम्ही जा’ हे सांगणार कसे?

२० डिसेंबर २०२५, शनिवार. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात वीज उपकेंद्राला आग लागली आणि सुमारे एक लाख ३० हजार ग्राहकांची वीज गेली. शहराच्या मोठ्या भागातील सिग्नल बंद पडले. अशा वेळी जगातल्या कुठल्याही शहरात जे होते तेच तिथेही झाले. चालकांनी एकमेकांकडे पाहिले, कुणी हात केला, कुणी मान हलवली, कुणी थांबून पायी जाणाऱ्यांना वाट दिली. अनेक चौकांत मात्र ‘वेमो’ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सी दिवे लुकलुकवत जागच्या जागी उभ्या राहिल्या. कंपनीला त्या संध्याकाळी सेवा थांबवावी लागली.

बंद सिग्नल दिसला की चारही बाजूंनी थांबून जायचे, हे या मोटारींना शिकवलेले होते, आणि त्या दिवशी असे सात हजारांहून अधिक बंद सिग्नल मोटारींनी पार केले, असे कंपनीने नंतर सांगितले. पण खात्री करून घेण्यासाठी काही मोटारी दूर बसलेल्या कर्मचाऱ्यांना विचारणा करत होत्या. अशा विचारण्यांचा एकदम पूर आला, उत्तरे उशिरा मिळाली आणि वाहतूक तुंबली. या घटनेची चर्चा ‘तंत्रज्ञान फसले’ या अंगाने बरीच झाली. तिची दुसरी बाजू पायी चालणाऱ्यांची आहे. समोर उभी असलेली मोटार थांबलीय, बिघडलीय की पुढच्या क्षणी निघणार आहे, हे रस्ता ओलांडणाऱ्याने ओळखायचे कशावरून?

पादचाऱ्याला नेमके काय हवे असते?

रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाच्या मनात तीन प्रश्न असतात. याने मला पाहिले का? हा थांबणार का? आणि थांबलाच तर पुन्हा कधी निघेल? चालक असलेल्या मोटारीत या प्रश्नांची उत्तरे अर्धी मोटारीच्या वेगातून मिळतात आणि अर्धी माणसाच्या चेहऱ्यावरून. चालकविरहित मोटारीत दुसरा अर्धा भाग नाहीसा होतो.

रिकामी खुर्ची निदान रिकामी दिसते. खरी पंचाईत होते ती खुर्चीत माणूस आहे पण गाडी तो चालवत नाही अशा वेळी. मर्सिडीजच्या ‘ड्राइव्ह पायलट’ यंत्रणेत ठरावीक महामार्गांवर, ठरावीक परिस्थितीत चालकाला रस्त्यावरून नजर काढण्याची मुभा आहे. टेस्लाने जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये रोबोटॅक्सी सुरू केली तेव्हा कंपनीचा देखरेख कर्मचारी चालकाशेजारच्या खुर्चीत बसलेला असे. अशा मोटारीतील माणसाने बाहेर पाहून स्मित केले, तर त्याचा अर्थ ‘जा’ असा घ्यायचा का? गाडी तर तो चालवतच नसतो.

मोटारीला माणूस ‘दिसणे’ म्हणजे काय, याचा धडा मार्च २०१८ मध्ये मिळाला. ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरात उबरच्या चाचणी मोटारीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात निघालेला तपशील विचार करायला लावणारा होता. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्रणेला पुढे काहीतरी आहे हे कळले होते. मात्र ते काय आहे, वाहन, सायकल की आणखी काही, याबाबत ती सतत मत बदलत राहिली. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे तिच्या हिशेबातच नव्हते. मोटारीतील चालक महिलेचे लक्ष मोबाइलवर होते. त्या मोटारीवर कितीही छान पडदा लावलेला असता तरी त्यावर उमटले काय असते? जे मोटारीला कळलेले नाही, ते तिचा दिवा सांगू शकत नाही.

पाट्या, डोळे आणि हसू

या प्रश्नावर कंपन्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत डोके चालवले नाही असे नाही. उलट जरा जास्तच चालवले. निसानने २०१५ च्या टोकियो वाहन प्रदर्शनात मांडलेल्या संकल्पना-मोटारीच्या काचेवर ‘आधी तुम्ही’ अशा अर्थाची अक्षरे उमटत. त्याच वर्षी मर्सिडीजच्या ‘एफ ०१५’ने मोटारीपुढच्या रस्त्यावर प्रकाशाचे झेब्रा क्रॉसिंग काढून दाखवले. पादचाऱ्यांना संदेश दाखवणारे पडदे आणि ध्वनिक्षेपक मोटारीवर बसवण्याचे पेटंट गूगलला २०१५ मध्येच मिळाले. स्वीडनमधील सेमकॉन कंपनीने २०१६ मध्ये हसणारी मोटार आणली. पादचारी दिसला की तिच्या पुढच्या भागावर हसूची रेघ उमटायची.

जग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीत छोट्या स्वयंचलित वाहनांवर मोठाले बुबुळांचे डोळे बसवले. वाहनाजवळ आलेल्या पादचाऱ्याकडे ते वळून बघत. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी पुढे गोल्फ कार्टवर यांत्रिक डोळे बसवून असाच प्रयोग केला आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. आभासी दृश्यात १८ जणांना हे वाहन दाखवले गेले. डोळे दुसरीकडे वळलेले दिसले की पुरुषांकडून होणारी धोक्याची घाई कमी झाली. डोळे आपल्याकडे वळल्यावर महिलांना अधिक सुरक्षित वाटले व त्या उगाच थांबून राहिल्या नाहीत. अर्थात १८ जणांवरून जगाचा कायदा ठरत नाही.

ही यादी बरीच लांबवता येईल. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधकांनी २०२० मध्ये अशा कल्पनांची वर्गवारी केली तेव्हा त्यांच्या यादीत ७० संकल्पना भरल्या. सत्तर कल्पना म्हणजे सत्तर भाषा. पादचाऱ्याने त्यातल्या किती शिकायच्या?

प्रत्यक्ष रस्त्यावर अक्षरांची पाटी घेऊन उतरलेली कंपनी म्हणजे ड्राइव्ह.एआय. २०१८ च्या जुलैमध्ये टेक्सासमधील फ्रिस्को शहरात तिच्या भडक केशरी रंगाच्या व्हॅन धावू लागल्या. चारही बाजूंनी पडदे आणि त्यावर ‘तुम्ही ओलांडण्याची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची वाक्ये. वर्षभरात, जून २०१९ मध्ये, ही कंपनी ॲपलने विकत घेतली आणि त्या व्हॅन रस्त्यावरून गेल्या.

पाटीची भाषा का फसते?

भारतीय वाचकाला हे समजायला डिपरचे उदाहरण पुरेसे आहे. आपल्याकडे समोरून येणाऱ्या गाडीने डिपर मारला की त्याचा अर्थ ‘मी येतोय, मध्ये येऊ नका’. ब्रिटनमध्ये वाहतूक नियमांच्या पुस्तकात डिपरचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच दिला आहे. पण तिथल्या रस्त्यावर लोक तो सर्रास ‘तुम्ही जा’ या अर्थाने वापरतात. दिवा एक, कृती एक, अर्थ उलटे. मुंबईत शिकलेला माणूस लंडनमध्ये निदान थोडे दिवस गोंधळेल. पण लंडनमध्ये शिकलेला माणूस मुंबईत गोंधळला तर प्रकरण जिवावर बेतेल.

रंगांचेही तेच. मोटारीच्या नाकावर हिरवा दिवा लागला तर तो ‘तुम्ही जा’ की ‘मी निघाले’? तांबडा दिवा म्हणजे ‘मी थांबले’ की ‘तुम्ही थांबा’? ‘थांबा’ हा शब्द लिहिला तरी हा घोळ सुटत नाही. सिग्नलचा खांब स्वतः कुठेच जात नसल्यामुळे त्याच्या दिव्याचा अर्थ कायम समोरच्याला उद्देशून असतो. मोटार मात्र स्वतः चालणारी असते. म्हणून तिच्यावरचा शब्द तिच्याबद्दल आहे की आपल्याबद्दल, हे प्रत्येकाला मनातल्या मनात ठरवावे लागते. तेही दोन सेकंदांत, उन्हाच्या तिरपेत, हातात पिशव्या असताना. लहान मुले, वाचता न येणारे आणि परभाषक यांचा प्रश्न तर वेगळाच.

शिवाय पाटी एकाची आणि वाचणारे अनेक. मोटार उजवीकडच्या आजोबांसाठी थांबली आहे. तीच पाटी डावीकडून धावत येणारा मुलगाही वाचतो. मोटारीच्या पलीकडच्या लेनमधून दुसरी मोटार येत असेल तर? थांबलेली मोटार फक्त स्वतःची हमी देऊ शकते, शेजारच्या लेनची नाही. ‘जा’ म्हणून सांगितले आणि माणूस दुसऱ्या गाडीखाली आला, तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कुठलीही कंपनी अंगावर घेऊ इच्छित नाही. मोटारीने स्वतःविषयी बोलावे, समोरच्याला आज्ञा देऊ नये, या मताकडे संशोधकांचा आणि कंपन्यांचा कल झुकत गेला तो यामुळे. ‘मी थांबते आहे’ हे चालेल, ‘तुम्ही जा’ हे नको.

आपल्याकडे ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी घातली. कारण साधे होते. वाहनावरची आज्ञा वाचून लोक खरेच ती पाळतात आणि विनाकारण हॉर्न वाजवतात.

चालकाच्या वेशातली खुर्ची

मग पादचारी प्रत्यक्षात कशावर विश्वास ठेवतात? हे शोधण्यासाठी संशोधकांनी एक मजेशीर क्लृप्ती काढली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने चालकाला मोटारीच्या खुर्चीचा पोशाख चढवला. बाहेरून पाहणाऱ्याला खुर्ची रिकामी दिसे, प्रत्यक्षात खुर्चीच्या आत माणूस बसून गाडी चालवत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. लोक थोडे चमकले, काहींनी मोबाइल काढून चित्रण केले, पण बहुतेकांनी रस्ता नेहमीसारखाच ओलांडला. त्यांची पावले अडखळली ती मोटार अनपेक्षित वागली तेव्हा. उदाहरणार्थ, थांबता थांबता ती अचानक थोडी पुढे सरकली तेव्हा.

पुढच्या वर्षी फोर्ड आणि व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने हीच युक्ती वापरली. राजधानी वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमध्ये ‘रिकामी’ व्हॅन फिरू लागली. एका टीव्ही पत्रकाराने सिग्नलला तिच्या खिडकीत डोकावून खुर्चीतून बाहेर आलेले हात पाहिले आणि बिंग फुटले. या व्हॅनच्या काचेच्या वरच्या कडेला दिव्यांची पट्टी होती. दोन पांढरे दिवे डावी-उजवीकडे सरकले तर ‘वाट देत आहे’, दिवा स्थिर असेल तर ‘स्वयंचलित चालू आहे’, भराभर लुकलुकला तर ‘निघत आहे’. पट्टीचा अर्थ रस्त्यावरील कुणालाही आधी समजावलेला नव्हता. सुमारे १,८०० मैल प्रवासाचे चित्रीकरण यातून जमा झाले. अशा खुणा आपोआप समजत नाहीत, त्या शिकाव्या लागतात आणि शिकवायच्या तर सगळ्या कंपन्यांची खूण एकच हवी, हा मुद्दा फोर्डने तेव्हापासून लावून धरला.

ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह युरोपातील शहरांच्या चौकांत निरीक्षणे केली. हात दाखवणे, मान हलवणे, दिवा दाखवणे अशा उघड खुणा लोक फार क्वचित वापरतात, असे त्यांना आढळले. बरेचसे काम मोटारीच्या चालण्यातूनच होऊन जाते. वेग लवकर कमी झाला, मोटार थोडी लांबच थांबली, ब्रेकमुळे तिचे नाक किंचित खाली झुकले, की पादचारी समजतो. आपण चालकाच्या डोळ्यांत पाहून रस्ता ओलांडतो असे अनेकांना ठामपणे वाटत असले, तरी काही अंतरावरून आणि काचेवरच्या चकाकीतून चालकाचे डोळे धड दिसतही नाहीत. सुरक्षित वाटण्यासाठी आपण चेहऱ्याकडे पाहतो, पण पाऊल टाकतो ते चाकांकडे बघून.

युरोपातील शिस्तीच्या चौकांतले हे निष्कर्ष पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याला जसेच्या तसे लागू होतील असे कुणी म्हणणार नाही. पण चाक खोटे बोलत नाही, हे दोन्हीकडे खरे.

वेमो सध्या काय करते?

गूगलच्या २००९ मधील प्रकल्पातून पुढे आलेली वेमो आज या क्षेत्रातील सर्वांत मोठी अमेरिकी कंपनी आहे. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन, अटलांटा या शहरांत तिच्या टॅक्सी धावतात. एप्रिल २०२५ मध्येच आठवड्याला अडीच लाखांहून अधिक सशुल्क फेऱ्या होत होत्या. म्हणजे हा विषय आता प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. रोज लाखो पादचारी या मोटारींसमोरून जातात.

वेमोच्या छपरावरच्या घुमटावर प्रकाशमान पट्टा आहे. आधी त्यावर प्रवाशाची आद्याक्षरे दिसत, आपली टॅक्सी ओळखता यावी म्हणून. २०२४ पासून त्याचा उपयोग रस्त्यावरील इतरांसाठीही होऊ लागला. मोटार पादचाऱ्यासाठी थांबली की पुढच्या बाजूला करड्या-पांढऱ्या पट्ट्या सरकताना दिसतात आणि मागच्या बाजूला पिवळ्या रंगात चालणाऱ्या माणसाचे चिन्ह येते. यातले मागचे चिन्ह अधिक उपयोगाचे म्हणावे लागेल. मोटार अचानक का थांबली हे न कळल्याने मागचा चालक वैतागून बाजूने पुढे घुसतो आणि नेमका तिथेच पादचारी असतो. हा अपघाताचा नेहमीचा प्रकार आहे. चिन्ह पाहून मागच्याचा हात हॉर्नवरून निघाला तरी मोठे काम झाले.

ॲमेझॉनच्या मालकीच्या झूक्सची अडचण आणखी निराळी. तिचे वाहन डब्यासारखे असून दोन्ही दिशांनी सारखेच चालते. स्टिअरिंग नाही, पुढचे-मागचे असे तोंडच नाही. सप्टेंबर २०२५ पासून ते लास वेगासमध्ये प्रवाशांना फिरवते आहे. ते कुठल्या दिशेने जाणार हे फक्त दिव्यांच्या रंगावरून कळते. ज्या टोकाला पांढरे दिवे ते पुढचे, तांबडे ते मागचे, आणि दिशा बदलली की रंगही बदलतात.

आवाजाच्या बाबतीत मात्र कंपन्यांना अजून बरेच शिकायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका तळावर वेमोच्या टॅक्सी पहाटे चारच्या सुमारास एकमेकींना हॉर्न देत बसल्या. मागे येणाऱ्या वाहनाला सावध करण्यासाठी दिलेली ही सोय होती. तळावर मागेपुढे होणारी सगळीच वाहने चालकविरहित असतील हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. शेजारच्या रहिवाशांची झोप गेली, कंपनीने दुरुस्ती केली.

मोटारीचा स्वभाव बदलला तर?

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. पादचारी मोटारीकडून भाषा शिकतो ती पाटीवरून कमी आणि अनुभवातून जास्त. सॅन फ्रान्सिस्कोत पहिली काही वर्षे या मोटारी भित्र्या म्हणून ओळखल्या जात. कुणी पदपथावरून पाऊल खाली टाकले की थांबणार, याची लोकांना खात्री झाली होती. काहींनी तर त्या खात्रीचा खेळ करून मुद्दाम मोटारी अडवल्या.

मात्र अती सावध मोटार वाहतूक अडवते, प्रवासी कंटाळतात. म्हणून २०२५ मध्ये वेमोने मोटारींना अधिक ‘आत्मविश्वासाने’ चालवण्याचे धोरण घेतले, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते उघडपणे सांगितलेही. लेन बदलताना, चौकात वळताना त्या आता माणसासारख्या थोड्या पुढे घुसतात. त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या तंत्रज्ञान स्तंभलेखकाने आपल्या घराजवळच्या झेब्रा क्रॉसिंगवर वेमो थांबत नसल्याचे चित्रणासह मांडले होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार क्रॉसिंगवर पादचाऱ्याला वाट देणे चालकाला बंधनकारक आहे. पण तिथले माणूस-चालक अनेकदा थांबत नाहीत. माणसांचे वागणे पाहून शिकणारी यंत्रणा त्यातून काय शिकेल, हे वेगळे सांगायला नको.

इथे धोका दुहेरी आहे. माणूस-चालकाचा स्वभाव बदलतो तेव्हा तो एकट्याचा बदलतो. चालकविरहित मोटारींचा स्वभाव एका रात्रीत, नवी प्रणाली चढवली की, शहरभर बदलतो. ‘ही पांढरी मोटार थांबतेच’ हे वर्षभरात शिकलेल्या शाळकरी मुलाला त्या बदलाची सूचना कुणीच देत नाही. प्रणालीतील सुधारणेबद्दल नियामकाला कळवावे लागते, गुंतवणूकदारांना सांगितले जाते. रस्ता ओलांडणारा मात्र कुणाच्याच यादीत नसतो.

दृष्टिहीनांचे काय?

आतापर्यंत आलेल्या बहुतेक उपायांत, पडदा, डोळे, हसू, प्रकाशाची पट्टी, एक गोष्ट सारखी आहे. त्या सगळ्यांसाठी दृष्टी लागते. दृष्टिहीन व्यक्ती चौकात वाहनाच्या आवाजावरून ते आले, मंदावले, थांबले हे ताडते. चालकविरहित टॅक्सी बहुतांशी विजेवर चालणाऱ्या, म्हणजे कमी वेगात जवळजवळ निःशब्द.

या प्रश्नावर तोडगा निघाला तो मात्र चालकविरहित मोटारींच्या आधीच, आणि तोही कंपन्यांच्या पुढाकाराने नव्हे. हायब्रिड मोटारींचा आवाज येत नाही म्हणून अमेरिकेतील दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय महासंघाने पाठपुरावा केला. त्यातून २०१० चा पादचारी सुरक्षा कायदा झाला आणि पुढे विजेच्या मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज सक्तीचा झाला. युरोपात हा नियम २०१९ मध्ये नव्या मॉडेलना आणि जुलै २०२१ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाला. तिथे ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज लागतो, अमेरिकेत सुमारे ३० पर्यंत. हा आवाज वाहन आहे आणि चालते आहे एवढे सांगतो. ‘तुमच्यासाठी थांबले आहे’ हे तो सांगत नाही. थांबलेली विजेची मोटार आणि तिथे नसलेली मोटार, कानांना वेगळ्या कळतीलच असे नाही.

नियम कुठवर आलेत?

मर्सिडीजला डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि नेवाडा राज्यांनी मोटारीवर फिरोजी रंगाचे दिवे लावण्याची परवानगी दिली. मोटार स्वतः चालत असताना ते लागतात. रंग निवडण्यामागे तर्क होता. सिग्नल, पोलीस, रुग्णवाहिका यांपैकी कुणीही तो वापरत नाही. हा दिवा इतकेच सांगतो की गाडी सध्या यंत्रणेच्या हाती आहे. थांबणार की जाणार, याबद्दल तो मौन बाळगतो आणि सध्या तरी तेच शहाणपणाचे आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१८ मध्ये या विषयावर तांत्रिक अहवाल काढला, संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमन मंचाच्या प्रकाशयोजना गटातही वेगळ्या दिव्यांवर वाद झाले. पण सर्व कंपन्यांना बंधनकारक अशी एक खूण अजून कुठेही ठरलेली नाही.

कॅलिफोर्नियात अग्निशमन दलाने बराच आवाज उठवला होता. २०२३ मध्ये चालकविरहित मोटारी आगीच्या ठिकाणी मध्येच येण्याच्या पन्नासहून अधिक घटना सॅन फ्रान्सिस्कोच्या दलाने नोंदवल्या. जवानांनी ओरडून सांगायचे तरी कुणाला? सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनो येथील पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी वेमो अडवली, पण पावती फाडायची कुणाच्या नावाने हा प्रश्न पडला आणि मोटार तशीच सोडावी लागली. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आणि जुलै २०२६ पासून लागू होणाऱ्या राज्याच्या कायद्याने यावर उपाय केला आहे. पोलिसांना थेट कंपनीला नोटीस देता येईल आणि आपत्कालीन कर्मचाऱ्यांना मोटारीतूनच कंपनीच्या माणसाशी बोलता येईल अशी सोय ठेवावी लागेल. पोलिसांशी आणि जवानांशी मोटारीने बोलावे, असे कायदा सांगतो. पादचाऱ्याशी बोलण्याबाबत त्यात काही नाही.

भारतात हा प्रश्न येईल का?

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधील कार्यक्रमात चालकविरहित मोटारींना भारतात परवानगी देणार नसल्याचे पुन्हा स्पष्ट केले. त्यांचा मुद्दा चालकांच्या रोजगाराचा होता. पादचाऱ्यांचा नव्हे. तरीही निम्मी वाट आपण चाललो आहोत. समोर माणूस दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेल्या मोटारी, चाकणच्या कारखान्यात बनलेल्या एक्सयूव्ही ७०० सह, २०२१ पासून आपल्या रस्त्यांवर आहेत. ती यंत्रणा चालू आहे की बंद, हे पादचाऱ्याला बाहेरून कळत नाही.

आपल्याकडचा संवाद मुळात उलट दिशेने चालतो. मोटारीने पादचाऱ्याला सांगायचे नसते, पादचाऱ्याने मोटारीला सांगायचे असते. हात वर करून, तळवा दाखवून, चार जणांनी एकदम पाऊल टाकून. ट्रकच्या डाव्या खिडकीतून क्लीनर हात बाहेर काढतो, एसटीचा कंडक्टर डबल बेल देतो, पार्किंगवाला ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत एक लाख ६८ हजार ४९१ जण मरण पावले, त्यातले ३२ हजार ८२५ पादचारी होते. म्हणजे माणूस-चालकांशी चालणारा हा संवादही फार यशस्वी आहे असे समजण्याचे कारण नाही. वर केलेला तळवा ‘थांब’ सांगतो की रिक्षाला हाक मारतो, हे ओळखणे कुठल्याही कॅमेऱ्याला अवघड जाईल.

वाहनाने पादचाऱ्याला काही सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती भारतात येऊ घातली आहे ती आवाजाच्या रूपाने. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात विजेवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू वाहनांना कृत्रिम आवाजाची यंत्रणा बंधनकारक करण्याचा प्रस्ताव आहे. नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ऑक्टोबर २०२७ पासून. हा प्रस्ताव मोटारी, बस आणि ट्रक या वर्गांपुरता आहे. पुण्या-नाशकाच्या गल्ल्यांत मागून नकळत येणाऱ्या विजेच्या स्कूटर आणि ई-रिक्षा त्यात नाहीत.